प्रश्न क्रमांक चौदा

धडगावच्या वर घाट संपतो तिथे नेटवर्कही संपतं,
मग मोबाइल म्हणजे खिशातला नुसता दगड.
तो मांडीवर घेऊन मी बसलो ठुमलीबाईंच्या ओट्यावर,
शहाद्याहून आलेला, सर्वेक्षणाचा माणूस,
प्रश्न क्रमांक चौदावर अडकलेला:
कुटुंबाच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत. एकच निवडा.

"एकच?"
हातातली कैरी ती शिंपल्यानं सोलत राहिली.
साल लांबच लांब, न तुटता खाली आली.

मका लिही. पण मका आम्हीच खातो.
विकतो ती तूर, तिचा गेल्या साली दाणा भरला नाही.
वर खडकात मोर पेरतो, ती पाहुण्यांपुरती.

खाटेवरून म्हातारे जात्र्याबाबा म्हणाले, "कोंबडी लिही."
मी म्हटलं, बाबा, ते पीक नाही.
"होळीच्या आधल्या बाजारात जा,
कोंबड्याचा भाव विचार,
मग सांग मला पीक कशाला म्हणतात."

ओट्याखाली बाजेवर फोडी वाळत होत्या, पांढऱ्या, कडक उन्हात.
पावसाचा एक शिंतोडा आला तरी काळ्या पडतात,
व्यापारी बोटानं दाबतो, नाकाशी नेतो
आणि न बोलता निम्म्या पैशांवर येतो.
तिची बोटं मी पाहिली. आंबटानं कातडी सोलवटलेली.
त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

आणि घरधनी?
"वेस्त्या? आमचं एक वावर बारडोलीला आहे ना,
दुसऱ्याच्या उसात.
दिवाळीनंतर तिकडे जातो, होळीला पीक घेऊन येतो.
कधी पैसे आणतो, कधी ताप."

मागच्या हिवाळ्यात जीपमधून लाल फळाची दोनशे रोपं आली,
घाटातच अठरा मेली.
पहिलं फळ नातवानं चावलं नि थुंकलं,
"आंबट! हे तर आपल्याकडे आहेच."
तोरणमाळला पर्यटकांना पन्नासला डबी गेली,
त्यातले नऊ नुसत्या डबीचे.
"यंदा परत लावलं," ती म्हणाली, "पण बांधाकडेला.
मधली जागा मक्याची. तिला विचारावं लागतं."

रिकाम्या कधी असता?
हा प्रश्न अर्जात नव्हता, माझाच होता.
तिनं सुरीची धार पाहावी तसं बराच वेळ आभाळ पाहिलं.
"मोर कापून झाली की सीताफळाचे डोळे उघडायच्या आत.
चार दिवस.
तेव्हा मी आजारी पडते."

आमच्या घरी हे उत्तर मला खाडाखोड न करता लिहिता आलं असतं.
केळी. चार एकर, एक विहीर, एक व्यापारी,
आणि जूनमधल्या एका रात्री तासाभराचं वारं.
सकाळी सगळी बाग एकाच बाजूला झोपलेली,
शाळेतल्या कवायतीसारखी ओळीनं.
वडील बांधावर उभे राहून म्हणाले,
"वारा काय, येस नि जास."
मग दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत.

इथं वारं आलं तर काय पडेल,
मनातल्या मनात मी मोजू लागलो.
आंबा पडेल, तर उचलून चिरतील.
बाकी सगळं इतकं बुटकं, इतकं विखुरलेलं,
की वाऱ्यालाच दिवसभर हिंडावं लागेल.
पण ठुमलीबाई तर रोजच हिंडते.
हे श्रीमंतीत धरायचं की गरिबीत,
मोबाइलला ठाऊक नाही, मलाही नाही.

पुढचा प्रश्न उघडेना. शेवटी "इतर"वर बोट ठेवलं.
तो म्हणाला, तीस अक्षरांत खुलासा करा.
तीस अक्षरांत कोंबडासुद्धा मावला नसता.
मी नुसतंच लिहिलं, ठुमलीबाई.

निघताना तिनं गाडीच्या डिकीत एक पुडकं टाकलं.
पैसे विचारले तर म्हणाली, "हे मोजू नको."

रात्री आईनं डाळीत चार फोडी टाकल्या.
वडिलांनी पहिला घास घेतला, थांबले,
"हाई कोठेन लयनं?"
म्हटलं, आबा, इतरमधून.
त्यांनी मान हलवली
आणि पुन्हा एकदा वाटी पुढे केली.