बिर्नबाम

बिर्नबाउम हे नाव ऐकून गणू पेंटर म्हणाला,
फळी पुरायची न्हाई, सायेब.
मधला उ त्यानं परस्परच गाळला.
तेव्हापासून लक्ष्मीपुरीत आमचं दुकान बिर्नबाम,
आणि पहिल्या आठवड्यात घड्याळ घेऊन एकच माणूस आला,
डोकं धरून सात.
आठव्यासाठी बाबांनी ड्रॉवरात एक डबी आणून ठेवली,
हिरव्या झाकणाची.

मुंबईत घड्याळवाले पायलीला पन्नास.
साखळीचं घड्याळ परत नेताना गुळाचा एक अडत्या बोलून गेला,
आमच्याकडं या की,
वेळ लई हाय, घड्याळवाला न्हाई.
मिरजेला गाडी बदलली.
आई, एक पेटी, पितळेच्या दोन मेणबत्तीदाण्या,
आणि माझा भाऊ, जो वाटभर विचारत होता
इथले लोक बर्फ कुठं ठेवतात.
मी नंतरची. मी इथलीच.

शनिवारी दुकान बंद.
तालमीतल्या पोरांनी आपसांत ठरवून टाकलं,
मारुतीचा वार पाळत्यात.
कुणीतरी रुईच्या पानांची माळ कडीला अडकवून गेलं.
बाबांनी ती काढली नाही,
तिच्याकडं पाहिलंही नाही.
चौथ्या दिवशी वाळून पडली.

आईनं दीड वर्ष मटण शिजवलं नाही,
नियमानं कापणारा गावात कुणी नव्हता.
शेवटी बाबाच पोथीत बघून कोंबडीवर सुरी धरायला शिकले.
त्या रात्री दोघंही न जेवता झोपले.
मग अनसाक्का मान्यांनी भिंतीवरून वाडगा पुढं केला,
पांढरा रस्सा.
आईला दिसलं ते एवढंच: मांस, आणि त्यात दूध.
वाडगा धरून ती उभी, जसं कुणाचं तान्हं हातात दिलंय.
अगं बाई, म्हशीचं नव्हं, नारळाचं!
अनसाक्कानं भिंत ओलांडली, खोबरं वाटलं,
फडक्यातून पिळून दाखवलं.
तो वाडगा तसाच परत गेला,
पुढच्या आठवड्यात आमच्या कोंबडीचा भरून आला.
आईच्या मराठीतला पहिला धड शब्द:
नव्हं.

एक्केचाळीसच्या आषाढानंतर ल्वूवहून पत्र नाही.
पोस्टमन तरीही दारापर्यंत यायचा,
दोन्ही हात उघडून दाखवायचा, जायचा.
न येण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटत असावं.

एका शुक्रवारी एलोजी अष्टमकर आले,
मिरज स्टेशनातले पार्सल क्लार्क, धोतर, काळी टोपी.
चौकटीवरच्या तिरक्या नळीला बोटं लावून ओठांना लावली.
बाबांचा विश्वास बसेना.
दोघांत सामाईक भाषा दोनच,
एक प्रार्थनेची, दुसरी ही अर्धीमुर्धी मराठी.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
बाबा, एलोजी, भाऊ, तीन.
भाऊ नऊ वर्षांचा होता.
म्हणजे दोन.

भाऊ पुढं हैफाला गेला.
बाबांचंही तिकीट ठरत होतं, पण कुणाची तरी
कमान तुटलेली असायची, कुणाचा काटा अडकलेला.
पाटीवर लिहिलंय, तीस दिवसांनंतर जबाबदारी नाही,
आणि न नेलेली सतरा घड्याळं बाबा रोज सकाळी
एकेक करून किल्ली देत.
विका की, म्हटलं तर म्हणायचे,
माणसाला उशीर होतो.
प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
त्यांच्या पडक्या देवनागरीत:
'बावडा. मिशी. घाई नाही म्हणाला.'

आता खाली मोबाइलची कव्हरं विकतात.
पाटी मी वर आणून ठेवलीय, घड्याळंही.
किल्ली मी देत नाही, बोटं दुखतात.

परवा कसबा बावड्याचा एक पोरगा आला,
आजोबांच्या ट्रंकेतली पावती घेऊन.
मजुरी बारा आणे.
त्यानं पाचशेची नोट काढली.
सुटे न्हाईत बाबा, म्हटलं, राहू दे.
घड्याळ कानाशी धरून तो पाटी वाचत राहिला,
मग जरा लाजत म्हणाला,
आजोबा सांगायचे, इथं बाम बी मिळतोय.

डबी आहे. ड्रॉवरातच आहे.
झाकण गंजलंय.
आधी मी ओढून पाहिलं,
मग त्यानं.