येण्याचं कारण

वाळपईची बस चुकली, म्हणून धाकू वरकच्या स्कूटरवर
मी सत्तरीत शिरले. कॅमेरा भाचीचा,
बूट कालच घेतलेले.

चौकीवरच्या वहीत ‘येण्याचं कारण’ असा रकाना.
माझ्या आधीच्यानं लिहिलं होतं : वाघ.
मी लिहिलं : पडकं देऊळ.
खोटंच. मलाही वाघच पाहिजे होता.

धाकू चालतो तसाच बोलतो, थांबत थांबत.
ही उदमांजराची विष्ठा, भेरली माडाच्या बिया बघा.
आणि हा ओरखडा, कुंभ्याच्या खोडावर,
माझ्या खांद्याच्याही वर.
किती जुना?
‘डिंकाला विचारा.’
डोक्यावरून धनेश गेला,
गंजलेलं दार कुणी ढकलावं तसा पंखांचा आवाज.

देवळाला छप्पर नाही. गाभाऱ्यात घोटाभर पाणी,
खांब फोडून उंबर वर गेलेला.
कदंबांच्या वेळचं म्हणतात;
म्हणणारे इथवर आलेले नसतात.

उंबराखाली वाघाचा दगड.
तेल पिऊन पाठ काळी, कान मांजराचे,
शेपूट जेमतेम. दात मात्र
एकेक मोजून कोरलेला.
मी म्हटलं, कारागिरानं वाघ पाहिला नसावा.
‘पाहिला असणार,’ धाकू म्हणाला,
‘तो दिसला की नंतर
दातच तेवढे आठवतात.’

त्याची चांदी नावाची म्हैस इथूनच नेली.
पंचनामा झाला, चेकही आला,
आडनाव चुकलं म्हणून परत गेला.
त्याची आई अजून दर सोमवारी
दगडाला तेल घालते.
राग नाही येत?
‘म्हशीचं वेगळं. ह्याचं वेगळं.’
मग झाडीकडे न बघता, हळू :
‘हांगाच आसा तो.’

परतलो तेव्हा गार्डनं
कॅमेऱ्याचं कार्ड लावून दाखवलं.
तीन बाराला रिकामा चौथरा.
तीन तेराला काहीतरी अर्धं,
पट्टे, किंवा फांदीच्या सावल्या.
दहा चाळीसला एक बाई,
बूट काढून बाजूला ठेवलेले,
दगडासमोर वाकलेली.

मला तर ते आठवतही नव्हतं.

स्कूटरला किक मारता मारता धाकू म्हणाला,
‘कुठं लिहिणार असाल तर
वरक लिहा हां, बाई.
वारक नको.’