तीनदा नाही

निघताना आईनं सॅकमध्ये कोंबली
दोन किलोंची चादर,
काळ्यावर लाल मोर,
बाबांच्याच शेडमधली. एका मोराच्या मानेत
धागा चुकला होता, म्हणून दुकानात न गेलेली.
मी म्हटलं, वद्दू. परत म्हटलं.
चेन बसेना तेव्हा तिनं गुडघा देऊन बसवली.

तब्रीझपासून केरमानपर्यंत बसनं,
पाठीवर अख्खी दाजी पेठ.
शब्द भेटत गेले वाटेत. रस्ता, बाजार, दरवाजा,
हजार तर रोज, कारण नोटांवर शून्यंच शून्यं.
हफ्ता म्हणजे नुसता आठवडा त्यांचा,
आमच्याकडे तो पतसंस्थेत भरावा लागतो.
कझवीनला शेजारच्या सीटवरच्या पोरानं विचारलं,
सॅकमध्ये एवढं काय?
चादर, मी म्हटलं.
त्याला वाटलं, तंबू.
मग वाटलं, आजी पांघरते ते काळं, टाचेपर्यंतचं.
उघडून दाखवली तर म्हणाला, ही होय, ही तर पतू.
शब्द एवढ्या लांबून माहेरी आला
आणि माहेरी कुणी ओळखला नाही.

यझ्दला ऊन आपलंच.
होटगी रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं, तसलं.
फक्त तिथं छपरांवर वारा धरायला मनोरे,
आमच्या डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली माग,
आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.

टॅक्सीवाल्या बेहरूझकाकांनी पैसे घेतले नाहीत.
काबिल नदारे, म्हणाले, हात छातीवर.
काबिल कळलं. उरलेलं मी अंदाजानं लावलं:
पैशाची काय लायकी, पोरी.
किती भला माणूस, म्हणत सॅक उचलली, निघाले.
वळून पाहिलं तर ते तसेच उभे,
हात अजून छातीवर,
तोंड जरासं उघडं.

महीन-खानमकडे चार दिवस राहिले.
भातावर लाल आंबट फळं, दुपारी पडदे ओढून झोप,
माझ्या भेगाळलेल्या टाचांना तिनं स्वतः तेल लावलं.
निघायच्या सकाळी मी चादर काढून तिच्या मांडीवर ठेवली.
ती नको म्हणाली.
परत ठेवली, नको म्हणाली, तोंड फिरवून.
मला वाटलं, मोराची मान दिसली हिला.
घडी घातली. सॅकमध्ये टाकली. गुडघा दिला.

केरमानच्या वसतिगृहात एका शिराझी मुलीनं
हसून हसून डोळे पुसत सांगितलं,
अगं बाई, पहिलं नाही ही रीत, दुसरं नाहीही रीत,
तिसऱ्यांदा विचारायचं असतं!
त्या रात्री पंखा मोजत पडून राहिले.

सोलापूर स्टेशनवर रिक्षावाल्यापुढे पैसे धरले
आणि सवयीनं थांबले.
त्यानं मोजले. म्हणाला, दहा कमी आहेत.

बाबांनी पिस्ते पाहिलेच नाहीत आधी.
चादर पाहिली, मोराच्या मानेवरून अंगठा फिरवला.
परत का आणलीस?
सांगायला गेले, तर मागाचा खडखडाट.

आज पोस्टात घेऊन गेले. कापडात शिवून,
वर महीन-खानमचा पत्ता, फारसीत,
माझ्या पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात.
खिडकीतला म्हणाला, त्या देशाचं सध्या घेत नाही.
मी परत विचारलं.
त्यानं एक वही उघडली, मिटली. नाही.
मी जरा थांबले. हात छातीवर नेला,
आणि तिसऱ्यांदा विचारलं.

बाई, मागे लाइन आहे.

बेहरूझकाकांचे दोन लाख तोमान माझ्या कपाटात आहेत.
दर महिन्याला त्यांची किंमत उतरते.
त्यानं काही फिटत नाही.

बाहेर बेचाळीस डिग्री. सात रस्त्यापर्यंत चालत आले,
चादर या काखेतून त्या काखेत.
सोलापुरात चादर घेऊन फिरणाऱ्या बाईला
कुणी काही विचारत नाही,
एकदासुद्धा.