काविळीची माळ

पहिला प्रश्न दारूचाच.
चोडणला इनासच्या बारसमोर राहतो मी,
आणि डोळे हे असे, काजूच्या पिवळ्या बोंडासारखे.
शेवटी इनासनंच देवाशपथ सांगितलं,
बावीस वर्षांत यानं माझ्याकडे सोड्याशिवाय काही घेतलं नाही.
लोक म्हणाले, मग पणजीत पीत असणार.

मग पित्त.
पित्त सगळ्यांना कळतं.
सोलकढी घे, उपाशी राहू नकोस, जागरणं टाळ.
फेरीबोटीवरचा उल्हास म्हणाला, आलेपाक.
माझं पित्त घशाशी येत नव्हतं, उल्हास.
ते यकृतातून निघत होतं आणि कुठेच पोचत नव्हतं.

आई डिचोलीहून माळ घेऊन आली,
बारीक काटक्यांची, दोऱ्यात अडकवलेली,
गळ्याला घट्ट.
ती लांबत जाते. खरंच लांबते.
सोमवारी गळ्याशी, गुरुवारी छातीवर,
अमावास्येपर्यंत बेंबीखाली.
पळय, देंवली, आई म्हणाली.
त्या रात्री माझे तळहात पेटले होते.

पुरळ नाही, गांधी नाही, कुणाला दाखवावं असं काही नाही.
तळपाय, तळहात, मग हाडाच्या आतून कुठून तरी,
जिथे नख जात नाही तिथे.
फणी झाली, नारळाची किसणी झाली,
बोटीच्या दोरखंडावर पाठ घासून झाली.
भर मांडवीत, गाड्या इंजिन बंद करून उभ्या,
लोक आपापल्या मोबाईलमध्ये,
आणि मी बादलीतलं खारं पाणी पायांवर ओतत.

बांबोळीला, गोमेकॉत, यंत्राच्या नळीत झोपवलं.
श्वास धरा. सोडा. धरा.
डॉक्टर मिनेझिसबाईंनी पडद्यावर एक झाड दाखवलं,
काळ्यावर पांढरं.
ही पित्ताची वाट. इथे अरुंद. इथे फुगलेली.
परत अरुंद.
मण्यांसारखी दिसते ना, त्या म्हणाल्या.
माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

नाव त्यांनी लिहून दिलं:
प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस.
प्रायमरी म्हणजे पहिली ते चौथी, एवढंच मला येत होतं.
म्हणजे, त्या म्हणाल्या, कशामुळे होतं ते आम्हाला माहीत नाही.
सूज येते, राहते, व्रण धरते,
व्रण आवळतो, फट बारीक होते.
तुमचं आतडं चौदा वर्षं रक्त टाकतंय ना, ते याचंच भावंड.
औषध? खाजेला आहे. तापाला आहे.
वाट फारच बुजली तर आतून रुंद करता येते.
मूळ दुखण्याला नाही.
पुढे कधीतरी दुसऱ्याचं यकृत, कदाचित.
कदाचित वीस वर्षांनी. कदाचित कधीच नाही.

मी विचारलं, माझं काय चुकलं?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
काही नाही.
इतकं वाईट उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.
चूक असती तर सोडता आली असती.

माळ अजून खुंटीला आहे.
काटक्या वाळतात, गाठी सैल होतात, दोरा वाढतो,
बाकी काही नसतं त्यात. परवा मापून बघितलं.
आईला बोललो नाही. फेकवतही नाही.

दर रविवारी सुलक्षा माझी नखं कापते,
मुळाशी, पार मांसापर्यंत,
ओसरीवर कागद पसरून.
आज पसरलेला कागद माझाच जुना रिपोर्ट होता.
तिला ठाऊक नव्हतं, किंवा होतं.
करंगळी राहिली, ती म्हणाली.
दे इकडे.