सहकर्जदार

रविवारची दुपार, कळंब्याचा फ्लॅट, दुसरा मजला.
टेबलावर दोन बँकांची पत्रं,
वर चटणीची बरणी, पंख्यानं उडू नयेत म्हणून.

जुनी बँक नऊ चाळीस, बदलता दर.
नवी आठ साठ, पाच वर्षं हलणार नाही.
शाहूपुरी शाखेतला साळोख्यांचा पोरगा हे असं सांगतो
जणू दर तोच खांद्यावर धरून बसणार आहे.

फौंड्रीच्या वह्या लिहिते मी, वीस वर्षं झाली.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून साचा आधीच थोडा मोठा करतात.
तेव्हापासून कुठलंही पत्र मी खालून वाचते,
बारीक अक्षरांकडून.

प्रोसेसिंग, मूल्यांकन, वकील, मुद्रांक: सव्वीस हजार.
महिन्याला वाचणार आठशे बेचाळीस.
एकतिसाव्या महिन्यात खर्च फिटतो,
पुढचे एकोणतीस माझे.
साठाव्यानंतर ते म्हणतील तो दर.
इथवर कॅल्क्युलेटर माझ्या बाजूनं.

शेवटच्या पानावर दोन चौकटी.
पहिलीत सही केली, पेन न उचलता.
दुसरी चौकट इचलकरंजीला राहते, चार वर्षं.
हप्त्यात तिचा रुपया नाही,
कागदावर अर्धं घर.

‘मॅडम, एकच तर सही की,’ साळोखे म्हणाला.

उद्या जुन्याच बँकेत जाईन,
हे पत्र दाखवून म्हणेन, बघा काही कमी होतंय का.
तिथंही दोन सह्या लागतात का,
ते अजून विचारलेलं नाही.

बरणी उचलली.
पत्रं जागची हलली नाहीत.
लाईट कधी गेली होती कुणास ठाऊक.