तूस

कंत्राटात लिहिलंय: उत्तरेची भिंत, साडेअकरा मीटर,
सिमेंटचा गिलावा काढणे, चुन्याचा चढवणे.
सिमेंट कोणी थापलं ते लिहिलेलं नाही.
ते इनासमामांनीच सांगितलं,
घंटेची दोरी गुंडाळता गुंडाळता:
मीच थापला. सत्त्याहत्तर साली.
मी, तेव्हाचे फादर
आणि कुणाच्या तरी बाथरूममधून उरलेलं अर्धं पोतं.

सिमेंटखाली भिंत घामेजून बसली होती.
हात लावला, तर
तापातून उठलेल्या माणसाची पाठ.

लहानसं देऊळ. पाटीवर चर्च आहे,
पाखाडीतले सगळे देऊळच म्हणतात.
फरशीत पुरलेल्या कुणा बड्या माणसाची अक्षरं
चारशे वर्षं पाय पुसून पुसून गेलीत,
उरलाय एक ए आणि अर्धी कवटी.
वेदीवरच्या लाकडी देवदूताला
सुताराने आपल्या बायकोचे कान दिलेत:
पाळीपासून वरपर्यंत टोचलेले, पाच पाच भोकं.
कौलांवरून विमान उतरतं
दर चार मिनिटांनी,
तेव्हा ते कान थरथरतात.
मी आधी घाबरायचो. आता बघत बसतो.

चुना भिजत ठेवलाय. त्यात गूळ, हिरडा, विटेचा भुगा.
माझ्या बापाने मशिदी सावरल्या, समाध्या सावरल्या,
सातारच्या अलीकडे एक जकातनाकासुद्धा.
म्हणायचा, भिंतीला देव विचारू नये,
पाणी विचारावं:
कुठून येतं, कुठे जातं.

तिसऱ्या दिवशी खिडकीखाली
जुन्या चुन्याचा पोपडा हातात आला
आणि त्यात तूस.
भाताचं. अख्खं.
झोडणी आत्ताच उरकली असावी तसं.

हाक मारली. मामा आले,
एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावून.
नखाने उलटं केलं.
कुसळ बघ, म्हणाले, लांब हाय. लाल.
ह्यो खाऱ्यातला. आमच्या खाजणातला.
बापूस बांधावर उभा राहून पाणी चाखायचा,
जास्त खारट लागला तर शिव्या घालायचा समुद्राला.

खाजण म्हणजे तो समोरचा काचेचा इमला.
खाली चार मजले नुसत्या गाड्या.

आगेऱ्याला नव्या लोंब्या वेदीवर नेतात,
अजूनही नेतात,
फक्त त्या रुमाल्दिनाबाईंची लेक भिवंडीहून आणते,
पन्नास रुपये जुडी.
गेल्या ऑक्टोबरात टोकांना हिरवा रंग मारलेला निघाला.
फादर म्हणाले, देवाला सगळं कळतं.
हे हसून म्हणाले की वैतागून,
मामांना अजून ठरवता आलेलं नाही.

मी विचारलं, घरी नेता का हे? डबीत ठेवा.
मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग एक विमान गेलं.
मग म्हणाले, डबीत माझे दात ठेवलेत.
ह्याची जागा हाय ना. तितंच घाल परत.

दुपारी पुन्हा आले, हातात पिशवी.
गेल्या आगेऱ्याच्या जुड्या, वाळलेल्या,
फेकवल्या नव्हत्या म्हणून माळ्यावर पडलेल्या.
पायरीवर बसून त्यांनी दाणे चोळले,
फुंकर घातली,
दाणे चिमण्यांना, तूस मला.
म्हटलं, मामा, हे भिवंडीचं. उद्या कुणी भिंत उकरली
तर त्याला चुकीचं कळेल.
म्हणाले, सिमेंटापेक्षा बरा.

घोळलं. लिंपलं. थापी ओली असताना
त्यांनी एक बोट टेकवलं भिंतीला,
क्रूस काढतील वाटलं.
नुसतं टेकवलं. ओल बघत होते.

बिलात लिहिलंय:
तूस, एक पिशवी, स्थानिक.
स्थानिक या शब्दापाशी
आर्किटेक्टबाईंनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.
मी ते खोडलेलं नाही.