पाच कट्ट्यांना पाच कमी

रात्री पावणेदोनला ती आली
निपाणीच्या सरकारी दवाखान्यात,
भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून,
पदरात अकरा महिन्यांचं पोर
आणि बोटांना तंबाखूचा वास
जो साबणानं जात नाही. मला माहीत आहे,
माझ्या आईच्याही जात नव्हता.

सुगंधा तिचं नाव.
"सकाळपासनं आठदा जुलाब, तीनदा ओकला,
मघापत्तर रडूलालता नुस्ता.
आत्ता जरा गप झालाय."
त्या गप होण्यानं तिला बरं वाटत होतं.

मला नाही वाटलं.
पहिल्या वर्षी मी रडणाऱ्या पोरांकडे आधी धावायचे.
रामदुर्गच्या महानंदा सिस्टरनी एकदा मनगट धरलं:
ओरडतंय ते थांबेल गं,
तू ते कोपऱ्यातलं बघ.

म्हणून कानाशी टाळी वाजवली.
डोळे उघडले. वैतागला. लाथ मारली मला.
चला.

डोळे खोल गेलेले. पण काहींचे मुळातच खोल असतात,
आईला विचारावं लागतं, हे असेच असतात का?
ती वाकून बघत राहिली.
"न्हाई ओ बाई. हे कालचे डोळे न्हाईत."

टाळू बोटाखाली बशीसारखी.
जीभ चिकट.
आता रडू लागला तोंड भरून,
आणि गालावर काहीच नाही.

मग बेंबीच्या बाजूला, पोटावर, चिमटा.
कातडी उचलायची, सोडायची,
आणि मनात आकडे म्हणायचे नाहीत इतक्यात
ती आपल्या जागी गेली पाहिजे.
नाही गेली. घडी क्षणभर राहिली,
मग सावकाश, नाइलाजानं मिटली.
दोन सेकंद भरले नाहीत. त्या न भरलेल्या अर्ध्या सेकंदावर
सुई की चमचा, ते ठरतं.

सुगंधानं हे सगळं माझ्या हाताकडे बघून वाचलं.
"पान भिजलं नसलं की अशीच घडी ऱ्हाते,"
ती हळूच म्हणाली.
रोज हजार विड्या वळणारी बाई.
मी तिला दुसरं काय समजावणार होते?

चमचा ओठाला लावला.
त्यानं दोन्ही मुठींनी धरला,
चमच्यामागोमाग मान उचलून आली.
तहान शिल्लक होती. पुरे.

"कुडी, कूस, कुडी," महानंदा सिस्टर म्हणत होत्या,
पी रे बाळा, पी,
आणि दोन्ही भाषा कानात घेऊन वाढले तरी
त्या रात्री पहिल्यांदाच मला
आपली कुडी आणि आपली कूस ऐकू आली त्यात.

वजन आठ किलो. सहाशे मिली, चार तासांत.
एकशेवीस चमचे. दोन मिनिटांना एक.
ओकला तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी सावकाश.
अंगावरचं दूध सोडायचं नाही.
आकडे ऐकून तिचे ओठ हलले.
"पंचवीसचा एक कट्टा," ती म्हणाली,
"म्हंजे पाच कट्ट्यांना पाच कमी."

मग ती वळू लागली. म्हणजे, पाजू लागली.
पहिला कट्टा. दुसऱ्यात एकदा ओकला,
दहा मिनिटं तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे
मुकादमाकडे बघावं तसं बघितलं.
तिसरा. बाहेर हायवेवर ट्रक,
कॉटखालून मांजर गेलं, कुणी हाकललं नाही.

चौथ्या कट्ट्यात त्यानं तोंड फिरवलं, चमचा उडवला,
भोकाड पसरलं.
सिस्टर बॅटरी घेऊन धावल्या, गालावर उजेड धरला
आणि रजिस्टरात कन्नडमध्ये एक शब्द लिहिला.

"काय लिवलं?" सुगंधा घाबरून उभी राहिली.
"कण्णीरु," मी म्हटलं. "डोळ्यांतलं पाणी."
तिला हसावं की काय करावं कळेना.
तेवढ्यात तिच्या लुगड्यावर ऊन ओल पसरली,
आणि आम्ही तिघी त्या डागाकडे बघत राहिलो.

मी पुन्हा चिमटा घेतला. बोटं सुटायच्या आत
कातडी गेलेली होती.
मी चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मोजायला बसले.

"बाई," ती मागून म्हणाली,
"चमचा द्या की हिकडं.
पाचव्यातल्या अजून अकरा ऱ्हायल्यात."